मॅन्युअल घ्यावी की ऑटोमॅटिक? नेहमी विचारले जाणारे प्रश्न

आमच्या सोसायटीत कुणी गाडी घ्यायला निघालं की रविवारी सकाळी माझ्या दारावरची बेल वाजते. मी मेकॅनिक नाही. बारा वर्षं मॅन्युअल चालवली, मग पाच वर्षं एएमटी, आणि आता टॉर्क कन्व्हर्टरवाली आहे (या दोन्ही ऑटोमॅटिकच्याच जाती, पुढे सांगतो). एवढंच काय ते भांडवल. पण प्रश्न तेच ते येतात, म्हणून उत्तरं एकदाची लिहून ठेवतोय.

एका वाक्यात सांगा ना, कुठली घेऊ?

आधी तुमचा रोजचा रस्ता सांगा.

एकदा मी सकाळी कोथरूडहून हिंजवडीला जाताना क्लच किती वेळा दाबतो ते मोजायला घेतलं. भूमकर चौक यायच्या आतच दोनशेच्या पुढे गेलो आणि नाद सोडला. त्याच आठवड्यात बार्शीहून सोलापूरला गेलो. सत्तरेक किलोमीटरचा रस्ता, आणि क्लच दाबला असेल पंचवीस-तीस वेळा, तोही गावातले गतिरोधक आले म्हणून. पहिल्या माणसाला ऑटोमॅटिक चैन वाटायचं काही कारण नाही, त्याच्या गुडघ्याची ती गरज आहे. दुसऱ्याने मॅन्युअल घ्यावी आणि उरलेल्या पैशांत वरचं व्हेरियंट किंवा चांगले टायर घ्यावेत.

पण 'ऑटोमॅटिक' हे एकाच वस्तूचं नाव नाही, आणि लोक फसतात ते तिथेच. पुढचा प्रश्न नीट वाचा.

सगळ्या ऑटोमॅटिक सारख्याच असतात ना?

अजिबात नाही. आपल्याकडे चार जाती आहेत आणि चारही वेगळ्या वागतात.

सगळ्यात स्वस्त ती एएमटी. मुळात ती मॅन्युअलच असते. गिअरबॉक्स तोच, क्लचप्लेटही तीच. फक्त क्लच दाबण्याचं आणि गिअर टाकण्याचं काम तुमच्याऐवजी एक यंत्र करतं. गाडीत अदृश्य ड्रायव्हर बसवलाय असं समजा. तो शहाणा आहे, पण जरा संथ. गिअर बदलताना अर्धा क्षण ओढ तुटते आणि गाडीतल्या सगळ्यांच्या माना एकदम पुढे जाऊन मागे येतात. उपाय सोपा आहे: गिअर बदलणार असं वाटलं की रेस किंचित सोडायची. दोन आठवड्यांत पाय शिकतो. आपल्याकडे हा प्रकार घरोघरी नेला २०१४ साली आलेल्या मारुतीच्या सेलेरिओने. त्याआधी छोट्या बजेटमध्ये ऑटोमॅटिक मिळणं दुर्मीळच होतं.

दुसरी सीव्हीटी. हिच्यात ठरावीक गिअरच नसतात. दोन कप्प्या आणि त्यांच्यावरचा पट्टा, कप्प्यांचा व्यास कमी-जास्त होतो तसा वेग बदलतो. नवीन वाटतंय? तुमच्या अ‍ॅक्टिव्हामध्ये हेच आहे, फक्त तिथे रबरी पट्टा असतो आणि कारमध्ये पोलादी. शहरात ही लोण्यासारखी चालते. पण ओव्हरटेकला रेस दाबली की आधी इंजिन ओरडतं आणि वेग मागून सावकाश येतो. होंडा सिटी, अमेझ, मॅग्नाइट टर्बो या गाड्यांत ती दिसेल.

तिसरी टॉर्क कन्व्हर्टर. म्हणजे खरीखुरी जुनी ऑटोमॅटिक. हिचं मूळ १९३९ साली अमेरिकेत जनरल मोटर्सने आणलेल्या हायड्रामॅटिकपर्यंत जातं. इंजिन आणि गिअरबॉक्स यांच्यामध्ये क्लचप्लेटऐवजी तेल असतं. तेल झिजत नाही, फक्त तापतं. म्हणून ट्रॅफिकमध्ये तासभर खुरडत चाललं तरी ही गाडी कुरकुरत नाही. ब्रेझा, अर्टिगा, डिझेल क्रेटा यांत ही मिळते.

चौथी डीसीटी. दोन क्लच असतात. एक गिअर चालू असतानाच पुढचा तयार ठेवलेला असतो, त्यामुळे बदल डोळ्याची पापणी लवते तेवढ्यात होतो. हायवेवर मजा हिचीच. पण कोरड्या क्लचवाली (क्लच तेलात न बुडवलेली) असेल तर आपल्याकडच्या इंचाइंचाने सरकणाऱ्या ट्रॅफिकमध्ये ती तापते.

सेल्समन नुसतं 'ऑटोमॅटिक आहे सर' म्हणतो. ओळखायचं कसं?

गिअरच्या दांड्याकडे बघा. त्यावर 'पी' (पार्क, गाडी उभी करून ठेवायला) नसेल, फक्त आर (रिव्हर्स), एन (न्यूट्रल), डी (ड्राइव्ह, नेहमीचं चालवणं) आणि एम (मॅन्युअल, गिअर स्वतः निवडायला) असेल, तर बहुतेक वेळा ती एएमटी. नावांवर जाऊ नका. मारुती तिला एजीएस म्हणते, रेनॉ ईझी-आर, महिंद्रा ऑटोशिफ्ट. ह्युंदाईची आयव्हीटी म्हणजे सीव्हीटीच. टाटाची डीसीए आणि फोक्सवॅगन-स्कोडाची डीएसजी या दोन्ही डबल क्लचवाल्या. सेल्समनला सरळ विचारा, "यात क्लचप्लेट आहे का?" तो गडबडला तर त्याच्या साहेबांना बोलवायला सांगा.

किंमत किती वाढते?

एएमटीला मॅन्युअलपेक्षा साधारण पन्नास हजारांच्या आसपास जास्त. बाकी तिघींना लाख-सव्वा लाख, कधी त्याहून वर. वर आरटीओचा टॅक्स आणि विमाही किमतीच्या प्रमाणात वाढतो, म्हणून एक्स-शोरूम फरक बघून हिशेब करू नका, ऑन-रोड विचारा.

ऑटोमॅटिक पेट्रोल जास्त पिते म्हणतात.

जुन्या चार गिअरच्या ऑटोमॅटिक पीत असत, तेव्हापासून हे वाक्य फिरतंय. आता चित्र बदललंय. २०२४ च्या स्विफ्टचे कंपनीने दिलेले आकडे बघा: मॅन्युअल २४.८० आणि एएमटी २५.७५ किलोमीटर प्रति लिटर. ऑटोमॅटिकच पुढे. कारण उघड आहे, ते यंत्र वेळेवर वरचा गिअर टाकतं आणि आपण गप्पांच्या नादात तिसऱ्यातच ताणत राहतो.

हे आकडे प्रमाणित चाचणीतले असतात. आपल्या पुण्यातल्या वेताळ टेकडीवरची एआरएआय ही गाड्या तपासणारी संस्था अशा चाचण्या करते. ती चाचणी ठरावीक पद्धतीने, रोलरवर होते. त्यात तुमचा सिग्नल नसतो, एसी आणि मागे बसलेली तीन माणसंही नसतात. सीव्हीटी आणि टॉर्क कन्व्हर्टरला शहरात लिटरमागे एक-दीड किलोमीटरचा फटका धरून चाला.

घाटात ऑटोमॅटिक चढते का हो?

चढते. बोरघाट, आंबा, ताम्हिणी, कुठेही. फक्त एएमटीवाल्यांनी एक करावं. चढणीवर ती दुसरा की तिसरा यात गोंधळते, वरचा टाकते, गाडी दमते, परत खालचा टाकते. अशा वेळी दांडा 'एम' मध्ये ओढा आणि दुसरा गिअर स्वतः धरून ठेवा. पुढे ट्रक असेल तर ओव्हरटेकचा विचार करण्याआधीच खालचा गिअर घ्या. रेस दाबल्यावर तिला सुचेल या भरवशावर समोरच्या लेनमध्ये जाऊ नका.

आणि उतरताना?

हा प्रश्न फार कमी लोक विचारतात, आणि खरा धोका याच बाजूला आहे.

मॅन्युअलवाल्याला पूर्वीपासून माहीत असतं की ज्या गिअरमध्ये घाट चढलो त्याच गिअरमध्ये उतरायचं. इंजिन गाडीला धरून ठेवतं. ऑटोमॅटिक घेतल्यावर हे शहाणपण कुठे जातं कुणास ठाऊक. पाचगणीहून वाईकडे पसरणी घाट उतरताना पुढच्या ऑटोमॅटिकचे ब्रेकलाइट पहिल्या वळणापासून शेवटपर्यंत लागलेलेच दिसतात. 'डी' मध्ये ठेवून नुसत्या ब्रेकवर उतरवलं की ब्रेक तापतात, जळका वास येतो, आणि एका क्षणी पेडल दाबूनही गाडी हवी तशी थांबत नाही.

प्रत्येक ऑटोमॅटिकमध्ये यावर सोय दिलेली असते. कुठे 'एल' (लो), कुठे 'एस' (स्पोर्ट), कुठे 'एम' आणि स्टिअरिंगमागचे गिअर बदलायचे पॅडल. घाटमाथ्यावरच ती वापरून खालचा गिअर घ्या. इंजिनाचा आवाज वाढेल, घाबरू नका, त्याचंच ते काम आहे. आणि न्यूट्रल करून उतरणं दोन्हीकडे चूक. त्यात पेट्रोलही वाचत नाही. आताच्या इंजिनांत गाडी गिअरमध्ये असताना रेसवरचा पाय काढला की उतारावर पेट्रोल बंदच होतं. उलट न्यूट्रलमध्ये इंजिन चालू ठेवायला थोडं लागतंच.

आमच्या सोसायटीचं पार्किंग बेसमेंटमध्ये आहे. काही अडचण?

एएमटी घेणार असाल तर आहे.

माझी एएमटी नवी होती तेव्हाची गोष्ट. आमचा रॅम्प उभा, वर पोचता पोचता गतिरोधक, आणि तिथेच वॉचमनदादांनी हात दाखवला, कारण बाहेरून पाण्याचा टँकर येत होता. थांबलो. टँकर गेला. ब्रेकवरचा पाय उचलून रेसवर नेला तेवढ्या वेळात गाडी सरसर मागे. आरशात शेजाऱ्यांची नवी कोरी गाडी, तिची नंबरप्लेट अजून तात्पुरतीच होती. ब्रेक लागला तेव्हा मध्ये वीतभर जागा उरली होती. दुसऱ्या वेळी मी हुशारी केली: ब्रेक न दाबता रेसवरच गाडी तोलून धरली. दोन मिनिटांत क्लच जळल्याचा वास आणि समोर सूचनेचा दिवा. सर्व्हिस सेंटरवाले म्हणाले, "नॉर्मल आहे सर." नॉर्मल कसलं? हाफ क्लचवर मॅन्युअल तोलून धरली तर जे होतं तेच इथे होतं.

बरोबर पद्धत अशी. थांबलात की हँडब्रेक ओढा. निघताना आधी रेस द्या, गाडी पुढे झुकतेय असं जाणवलं की हँडब्रेक सोडा. त्याहून सोपं म्हणजे हिल होल्ड असलेलं व्हेरियंट घ्या. ते ब्रेक सोडल्यावरही दोनेक सेकंद गाडी धरून ठेवतं. टॉर्क कन्व्हर्टर आणि सीव्हीटी 'डी' मध्ये आपोआप पुढे सरकत असतात, त्यामुळे साध्या चढावर मागे येत नाहीत.

दुरुस्तीचा खर्च?

मॅन्युअलचं सुख इथेच आहे. क्लचप्लेट जाते, पण ती कुठल्याही तालुक्याच्या गॅरेजमध्ये बदलून मिळते आणि छोट्या गाडीचं काम काही हजारांत होतं. चांगल्या पायाखाली ती लाखभर किलोमीटर टिकते. क्लचवर पाय ठेवून चालवायची सवय असेल तर चाळीस हजारांतच जाते.

एएमटीलाही क्लचप्लेट बदलावी लागतेच, वर त्या यंत्राची सेटिंग कॉम्प्युटर लावून करावी लागते, म्हणजे गल्लीतला मेकॅनिक हात वर करतो. टॉर्क कन्व्हर्टर वर्षानुवर्षं त्रास देत नाही, पण तिचं तेल मॅन्युअलमध्ये लिहिलेल्या किलोमीटरला बदला. मॅन्युअल म्हणजे इथे ग्लोव्ह बॉक्समधलं पुस्तक, जे आपल्याकडे कुणी उघडत नाही. डीसीटीचं मोठं काम निघालं तर बिल लाखात जाऊ शकतं. ही घेणार असाल तर वाढीव वॉरंटीला नाही म्हणू नका.

बॅटरी उतरली तर धक्का मारून चालू होते का?

नाही, ऑटोमॅटिकच्या बाबतीत तो भरवसा धरू नका. चार माणसं गोळा करून, "दुसऱ्यात टाक, क्लच सोड" हा प्रकार मॅन्युअलबरोबर संपला. डिकीत जम्पर केबल ठेवा, म्हणजे दुसऱ्या गाडीच्या बॅटरीला जोडून चालू करता येते.

बंद पडलेली ऑटोमॅटिक दोरी बांधून ओढूही नका. इंजिन बंद असताना आत तेल फिरत नाही आणि चाकं फिरली की गिअरबॉक्स कोरडा घासतो. मदतीला येणाऱ्याला फोनवरच सांगा की ऑटोमॅटिक आहे, गाडी चढवून नेणारी फ्लॅटबेड पाठवा.

लायसन्स वेगळं लागतं का?

भारतात नाही. १९८८ च्या मोटार वाहन कायद्यात दुचाकीचे गिअरची आणि बिनगिअरची असे दोन वर्ग आहेत, कारचा मात्र 'हलके मोटार वाहन' हा एकच. ब्रिटनमध्ये उलटं: ऑटोमॅटिकवर परीक्षा दिली तर परवाना ऑटोमॅटिकपुरताच, मॅन्युअलसाठी पुन्हा परीक्षा. दुबईतही लायसन्सवर तसा उल्लेख येतो. मुलगा तिकडे जाणार असेल तर आधी हे बघून घ्या.

शिकताना मात्र मॅन्युअलवर शिका. ड्रायव्हिंग स्कूलच्या गाड्या बहुतेक त्याच असतात, आणि कधी मित्राची, कधी लग्नातली भाड्याची गाडी हातात आली तर अडायला होत नाही.

बाबा ६८ वर्षांचे आहेत, गुडघा दुखतो. आता बदलून द्यावी का?

द्या, पण पहिले आठ दिवस शेजारी बसा.

चाळीस वर्षांची सवय डाव्या पायात असते. माझ्या वडिलांनी पहिल्याच दिवशी सिग्नल दिसल्यावर सवयीने डावा पाय 'क्लच'वर दाणकन मारला. तिथे होता ब्रेकचा रुंद पेडल. मागच्या सीटवरची नारळांची पिशवी पुढे आली, आई "अहो!" म्हणून ओरडली, आणि मागच्या रिक्षावाल्याने जे ऐकवलं ते इथे लिहीत नाही. त्यानंतर आम्ही एक केलं: डावा पाय सीटखाली मागे ओढून ठेवायचा. ब्रेक आणि रेस दोन्ही उजव्याच पायाने, टाच जमिनीवर टेकवून. रविवारी सकाळी रिकाम्या मैदानात तासभर चालवलं. पार्किंगमध्ये गाडी लावताना रेस अजिबात द्यायची नाही, ब्रेक सैल करत गाडी आपोआप सरकू द्यायची, हेही शिकवलं. ब्रेकऐवजी रेस दाबून भिंतीवर गाडी जाते ती बहुधा अशाच जागी. डाव्या पायात दोष असलेल्यांनाही ऑटोमॅटिकमुळे गाडी चालवता येते, तिथे तर दुसरा विचारच नको.

सिग्नलला 'डी' ठेवू की 'एन'?

अर्ध्या मिनिटाचा सिग्नल असेल तर 'डी' आणि पायाखाली ब्रेक. दीड-दोन मिनिटांचा असेल तर 'एन' आणि हँडब्रेक. चालत्या गाडीत 'एन' करायचं नाही.

उतारावर उभी करताना?

ब्रेक दाबा, 'एन' करा, हँडब्रेक ओढा, ब्रेक सोडून गाडी हँडब्रेकवर टेकू द्या, मग पुन्हा ब्रेक दाबून 'पी'. उलटं केलंत तर सगळा भार गिअरबॉक्समधल्या एका छोट्या खुंटीवर येतो आणि सकाळी 'पी' मधून काढताना 'खट्' असा आवाज होतो. एएमटीला 'पी' नसतो, ती गिअरमध्ये ठेवूनच बंद करायची आणि हँडब्रेक ओढायचा.

सीएनजीत मिळते का?

मिळते. टाटाने २०२४ च्या सुरुवातीला टियागो आणि टिगॉरमध्ये सीएनजी एएमटी आणली. सीएनजीवर ओढ मुळातच कमी, त्यात एएमटीचा संथपणा. शहरासाठी ठीक, भरल्या गाडीने आंबोली चढायचा बेत असेल तर आधी चालवून बघा.

क्लच नसलेली पण गिअर असलेली म्हणजे काय भानगड?

आयएमटी. ह्युंदाई व्हेन्यू आणि किया सोनेटमध्ये २०२० मध्ये आली. दांडा तुम्ही हलवायचा, क्लच गाडी सांभाळणार. मला विचाराल तर धड ना इकडचं, धड ना तिकडचं. पण डाव्या पायाला आराम आणि हाताला चाळा हवा असलेले काहीजण तिच्यावर खूश असतात.

"खरा ड्रायव्हर मॅन्युअलच चालवतो" म्हणतात...

हेच वाक्य स्कूटरबद्दल ऐकलंय. ऐंशीच्या दशकात पुण्याच्या फिरोदियांची कायनेटिक होंडा आली तेव्हा आमचे काका चेतकवर बसून म्हणायचे, "बटन दाबून चालू होते ती कसली गाडी!" चेतक डाव्या मुठीने क्लच-गिअर करत, कधी आडवी करून किका मारत चालू करायची, त्यात मर्दुमकी होती. पुढे काकूंनी कायनेटिक घेतली आणि दोन वर्षांत काकाच भाजीला ती घेऊन जाऊ लागले. आताच्या इलेक्ट्रिक चेतकला तर गिअरच नाहीत.

मॅन्युअलमध्ये मजा आहे, हे मात्र खरं. पावसाळ्यात पहाटे मोकळ्या घाटात वळणाआधी तिसऱ्यावरून दुसऱ्यावर येताना इंजिनाचा सूर बदलतो, तो ऐकण्यासाठी कुणी मॅन्युअल घेत असेल तर मी त्याला अडवणार नाही. रोज सकाळी साडेनऊला वाकडच्या पुलाखाली तो सूर ऐकू येत नाही, एवढंच.

पुढे मॅन्युअल मिळतील का?

छोट्या गाड्यांत मिळत राहतील, कारण किंमत. वरच्या गाड्यांत निवड आपोआप होतेय. इनोव्हाचंच बघा: हायक्रॉस आली ती फक्त ऑटोमॅटिकमध्ये, आणि २०२३ मध्ये डिझेल क्रिस्टा परतली ती फक्त पाच गिअरच्या मॅन्युअलमध्ये. स्ट्राँग हायब्रिड (पेट्रोल इंजिन आणि इलेक्ट्रिक मोटर दोन्हींवर चालणारी) घेतलीत तर क्लचचा प्रश्नच येत नाही. इलेक्ट्रिकमध्ये तर बदलायला गिअरच नसतात.

सेकंडहँड ऑटोमॅटिक घ्यावी का? विकताना भाव येतो का?

शहरात ऑटोमॅटिकला आता गिऱ्हाईक लगेच मिळतं. तालुक्याच्या गावी मॅन्युअल आधी जाते.

घेताना गाडी थंड असताना बघायला जा. मालकाला आधी फोन करून सांगा की चालू करून ठेवू नका. ब्रेक दाबून 'एन'वरून 'डी' आणि 'डी'वरून 'आर' करा. गिअर लागायला एक-दोन सेकंदांहून जास्त वेळ लागला किंवा धक्का बसला तर सोडून द्या. मग अर्धा तास ट्रॅफिकमध्ये चालवा, कारण काही दोष तापल्यावरच बाहेर येतात. सर्व्हिसची नोंद नसलेली डीसीटी कितीही स्वस्त मिळाली तरी मी घेणार नाही.

टेस्ट ड्राइव्हला नेमकं काय बघू?

शोरूमवाले तुम्हाला ठरलेल्या सपाट, मोकळ्या रस्त्यावरून फिरवून आणतात. तिथे सगळ्याच गाड्या छान चालतात. त्यांना म्हणा, गाडी माझ्या घरी आणा. संध्याकाळी साडेसहाची वेळ घ्या. घरातली चार माणसं बसवा, एसी लावा. आपल्याच बेसमेंटमध्ये उतरवा, रॅम्पच्या मध्यावर थांबवा आणि पुन्हा उचलून वर आणा. रिव्हर्सनेही एकदा चढवून बघा. घरात जो जास्त चालवणार त्याने चालवावी. आमच्याकडे शेवटचा निर्णय बायकोने त्या रॅम्पवरच दिला. तिसऱ्या गाडीतून ती उतरली आणि सेल्समनला रंगांचं कार्ड मागितलं.